भुताशी दोन हात करायचे ठरवले तर भीती उरते का? (हाँगकाँगचे च्यांगशी-पट)

पिंपळावरचा_पाहुणा (धागाकर्ता)

थेट मुद्द्यावर येतो. हाँगकाँगच्या उड्या मारणाऱ्या प्रेतांच्या सिनेमांना लोक 'हॉरर कॉमेडी' म्हणून निकालात काढतात, ते मला मान्य नाही. माझ्या मते हे अस्सल भयपट आहेत आणि ते कुंग-फूमुळेच भयपट झालेत. मारामारी वगळली तर खाली फक्त कपाळाला कागद चिकटवलेला एक नट उरतो.

ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात. च्यांगशी म्हणजे उठलेलं, ताठरलेलं प्रेत. अंगावर छिंग राजवटीतल्या (चीनची शेवटची बादशाही) अधिकाऱ्याचा झगा, डोक्यावर टोपी, हात समोर सरळ. सांधे वाकत नाहीत म्हणून दोन्ही पाय जोडून उड्या मारत येतं आणि तुमच्या श्वासावरून तुमचा माग काढतं. मंत्र लिहिलेला पिवळा कागद कपाळावर डकवला की जागच्या जागी थिजतं. त्याच्या विषावर उतारा चिकट तांदळाचा. शिवाय कोंबड्याचं रक्त, पीचच्या लाकडाची तलवार, आणि सुतार सूत मारायला वापरतो तशी शाईत भिजवलेली दोरी.

आता श्वासाचाच नियम घ्या. कुंग-फूचा सगळा खेळ दमावर. इथे समोरचा तुम्हाला शोधतो तो श्वासावरून. म्हणजे लढायचं, पळायचं, कोलांट्या मारायच्या, पण धाप लागू द्यायची नाही! भयपटात पात्र दाराआड श्वास रोखून उभं असतं ते पाहून आपलाही श्वास अडकतो, हे काही नवीन नाही. पण इथे तो माणूस आत्ताच जीव खाऊन लढलेला असतो. त्याची छाती भात्यासारखी चालली असणार हे आपल्याला माहीत असतं. ही भीती दुसऱ्या कुठल्या भयपटात मला मिळालेली नाही.

दुसरं म्हणजे 'मिस्टर व्हॅम्पायर' (1985, दिग्दर्शक रिकी लाऊ, निर्माता सॅमो हंग) मधली जमीनदाराच्या बापाची शवपेटी. भुतं आवरणारे पुजारी काउ मास्तर दोन्ही चेल्यांना सांगतात, पेटीवर सगळीकडे शाईच्या दोरीच्या रेघा मारा. पोरं चारी बाजूंनी आणि झाकणावर फटाफट रेघा ओढतात. तळाला मारायचं राहून जातं. बस, एवढंच. प्रेत तळाकडून बाहेर पडतं. पुढचा सगळा अनर्थ दोन आळशी पोरांच्या अर्धवट कामातून होतो.

आणि हे प्रेत कोण साकारतो? युएन वाह. ब्रूस लीच्या सिनेमांत कोलांटउड्यांसाठी त्याच्या जागी उभा राहणारा माणूस. जॅकी चॅन आणि सॅमो हंगबरोबर पेकिंग ऑपेराच्या शाळेत लहानपणापासून अंग मोडून घेतलेला. इतक्या लवचिक माणसाला सांगितलं, गुडघा वाकवायचा नाही. पडद्यावर ताठ प्रेत दिसतं, पण आत केवढी ताकद दाबून धरली आहे ते जाणवत राहतं. साध्या नटाला पांढरा रंग फासून हे जमलं नसतं.

बोला आता.

---

काळी_मांजर

लेख छान, निष्कर्ष साफ अमान्य.

भीतीला लागते ती हतबलता. या सिनेमांत प्रत्येक संकटाची पाककृती मास्तरांकडे तयार असते. चावलं? तांदूळ. उठलं? कागद. फारच उठलं? रक्त आणि तलवार. मास्तर आले की भूत संपलं. आणि मध्येमध्ये तो बावळट पोलीस कॅप्टन (बिली लाऊ) येऊन माकडचेष्टा करतो. मी हा सिनेमा एकटीने, रात्री, दिवे बंद करून पाहिला आणि खो खो हसले. सिनेमा चांगला आहे, पण घाबरवत नाही.

घाबरायचं असेल तर जूनो माकचा 'रिगॉर मॉर्टिस' (2013) बघा. जुनी सरकारी वसाहत, अंधारे जिने. एक म्हातारा जिन्यावरून पडून मरतो आणि त्याची बायको मुई त्याला परत आणण्यासाठी इमारतीतल्याच एका मांत्रिकाचं ऐकत जाते. नवरा घरातच. शेजारणींशी नेहमीसारखं बोलणं चालू. पुढचं सांगत नाही. तिथे मारामारी येते तेव्हा उलट माझी भीती ओसरली. म्हणजे तुमच्या नेमकं विरुद्ध.

गंमत अशी की तो म्हातारा रिचर्ड इंगने केलाय, ज्याने 'मिस्टर व्हॅम्पायर 3' (1987) मध्ये लोकांना हसवलं होतं. हसू काढून घेतलं तेव्हा कुठे भीती आली, हे तिथेच दिसतं.

---

पिंपळावरचा_पाहुणा

मांजरताई, मास्तर आले की भूत संपलं? मधला अर्धा तास झोपला होतात की काय! खुनाचा आळ मास्तरांवरच येतो. ते गजाआड, आणि ज्याचा खून झाला तो जमीनदार यम त्याच ठाण्यात प्रेत होऊन पडलेला. रात्री तो उठतो. पाककृती माहीत असून हात बांधलेले, याला हतबलता नाही तर काय म्हणायचं?

आणि दोन चेल्यांपैकी मान-चोई (रिकी हुई) ला प्रेताची नखं लागल्यावर त्याचं अंग ताठरू नये म्हणून मास्तर त्याला चिकट तांदळावर सतत हलत राहायला लावतात. बिचारा थकून रडकुंडीला येतो आणि तरी नाचतो. हसू येतं, मान्य. पण थांबला तर काय, हे विसरून हसणाऱ्याचं काळीज दगडाचं आहे.

---

नाना_गिरणगाव

पोरांनो, तुम्ही दोघंही गाडीबद्दल बोलताय, ड्रायव्हरबद्दल कोणीच नाही.

लाम चिंग-यिंग, म्हणजे पडद्यावरचे काउ मास्तर. जुळलेल्या जाड भुवया, पिवळा झगा, चेहऱ्यावर शाळेतल्या कडक हेडमास्तरांचा भाव. हे सिनेमे मी कुंग-फू म्हणूनच आणले होते, व्हिडिओ लायब्ररीवाल्याने 'फायटिंग आहे' म्हणून कॅसेट दिली. सबटायटल वाचता येत नव्हते इतकी प्रिंट घासलेली. तरी कळत होतं, कारण हा माणूस हाताच्या बोटांनी बोलायचा. मुद्रा, कागदावर ब्रश फिरवणं, तलवार उचलणं, सगळं एका लयीत. ऑपेरातून आलेला, मग स्टंटमन, मग ब्रूस लीच्या 'द बिग बॉस'पासून त्याचा हाताखालचा माणूस. पंधरा वर्षं दुसऱ्यांसाठी पडला, आपटला, तेव्हा कुठे हा रोल मिळाला. पहिल्या सिनेमाने हाँगकाँगात दोन कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर धंदा केला आणि मग रांगच लागली. दरवर्षी नवा भाग, नक्कल, नकलेची नक्कल. पण मास्तर तोच. 1997 च्या नोव्हेंबरमध्ये गेला, वय अवघं 44.

त्याच्यानंतर या प्रकारात जीव राहिला नाही. मांजरताईंच्या त्या 2013 च्या सिनेमात नायक कोण? चिन सिउ-हो, म्हणजे 1985 चा दुसरा चेला, आता काम नसलेला, मरायला निघालेला नट. मास्तरांची जागा रिकामी. त्या सिनेमातली भीती त्या रिकाम्या जागेची आहे, मारामारी काढल्याची नाही.

---

तर्कट

एक वेगळा सूर. सगळं ठीक, पण आपण मंत्र, ताईत आणि भगतगिरीचं कौतुक करतोय हे कोणाच्या लक्षात येतंय का? आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायद्यासाठी किती झगडावं लागलं! आणि इथे 'मास्तर' नायक. हाच सिनेमा मराठीत निघाला असता तर याच धाग्यावर दंगा झाला असता.

---

किराणा_क्वीन

@तर्कट, दादा, सिनेमात अनर्थ कोण करतं ते तरी बघा. भूत नाही हो. भेसळ!

'मिस्टर व्हॅम्पायर'मध्ये चेला चिकट तांदूळ आणायला जातो आणि दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळून देतो. उतारा लागू पडत नाही. त्याआधी सॅमो हंगच्या 'एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड' (1980) मध्ये नायकाला सांगितलेलं असतं की प्रेत उठू लागलं की शवपेटीत कोंबडीची अंडी टाक. विक्रेत्याकडे कोंबडीची कमी पडतात, तो गुपचूप बदकाची घालून देतो. एकेक अंडं टाकतोय, प्रेत परत निजतंय, आणि मग हातात येतं बदकाचं. मी तिथे अक्षरशः ओरडले.

माहेरी तीन पिढ्यांचं किराण्याचं दुकान आहे, त्यामुळे मी ही बदनामी वैयक्तिक घेतली आहे. पण मुद्दा हा की दोन्ही ठिकाणी मंत्र चमत्कार करत नाही. माल चोख असेल तर काम होतं, नाहीतर नाही. आणि मूळ पाप जमीनदाराचं: त्याच्या बापाने एका जाणकाराची जागा दबाव आणून बळकावली, त्या जाणकाराने सूड म्हणून पुरायची पद्धत मुद्दाम चुकीची सांगितली. मास्तर म्हणतात दहन करा, तर श्रीमंत मुलगा ऐकत नाही. यात अंधश्रद्धेचा प्रचार कमी, सावकारीवर राग जास्त.

---

तर्कट

दहनाचा सल्ला मास्तर देतात हे लक्षात नव्हतं आलं. पण कागद चिकटवून प्रेत थांबतं हे दाखवतातच ना? मुद्दा सोडत नाही.

---

पाटीवरचा_प्राध्यापक

चर्चेत मोठा संदर्भ सुटतोय. 1984 मध्ये ब्रिटन आणि चीनचा करार झाला, 1997 ला हाँगकाँग चीनला परत जाणार हे ठरलं आणि पुढच्याच वर्षी 'मिस्टर व्हॅम्पायर' तुफान चालला. प्रेताच्या अंगावर जुन्या साम्राज्याच्या अधिकाऱ्याचा गणवेश. गाडलेली सत्ता उत्तरेकडून उड्या मारत परत येते आणि लोकांचा श्वास शोधते. ही भीती कुंग-फूची नाही, हस्तांतरणाची आहे. त्याच सिनेमात मास्तर इंग्रजी चहागृहात जातात तेव्हा कॉफी कशी प्यायची तेही त्यांना कळत नाही. एका बाजूला विलायती कप, दुसऱ्या बाजूला छिंग झगा, मध्ये हाँगकाँगचा माणूस.

---

पिंपळावरचा_पाहुणा

सर, प्रत्येक हाँगकाँगी सिनेमाला 1997 चं लेबल लावायची साथच आली आहे. ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाई बीजिंगला बोलणी करायला गेल्या 1982 मध्ये. सॅमो हंगचा सिनेमा 1980 चा. त्याच्याही आधी, 1979 मध्ये लाऊ कार-लेउंगने प्रेतं हाकत गावी नेणाऱ्याची गोष्ट केली होती. झगा तोच, उड्या त्याच. कराराच्या आधीच जर प्रेतं उठत होती तर करार कुठून आला मध्ये?

प्रेतं हाकणं म्हणजे पश्चिम हुनानमधली दंतकथा: परमुलखात मेलेल्याला त्याच्या गावी पुरायचं असेल तर ताओ पुजारी त्याला रात्री चालवत नेतो. दोघे जण बांबूंना बांधून प्रेत वाहायचे, बांबू लवला की प्रेत उडी मारल्यासारखं दिसायचं, असा खुलासाही देतात. शिवाय युआन मेई या चिनी लेखकाने अठराव्या शतकातच च्यांगशीच्या गोष्टी लिहून ठेवल्यात. त्याला 1997 माहीत नव्हतं.

---

पाटीवरचा_प्राध्यापक

तारखाच काढायच्या तर नीट काढू. हाँगकाँगचे गव्हर्नर मॅकलेहोस 1979 च्या मार्चमध्ये बीजिंगला गेले आणि चीनचे नेते तंग श्याओपिंग यांच्याशी बोलताना हा प्रश्न तेव्हाच निघाला. आणि माझं म्हणणं प्रेतं का उठली हे नाही. ती 1985 मध्ये एवढी का चालली हे आहे.

---

नाना_गिरणगाव

चालली कारण फायटिंग चांगली होती, सर.

---

चांगीवाला

सिंगापुरात राहतो, म्हणून दोन पैसे माझेही. इथे चिनी सातव्या महिन्यात, भुकेल्या भुतांच्या महिन्यात, इमारतींखाली कागदी नोटा जाळतात. गेताईचे मंच लागतात, गाणी, विनोद, भडक कपडे, आणि पहिली रांग मोकळी ठेवतात. ती मेलेल्यांची. तिथे कोणी बसत नाही. मागे बसलेले आजी-आजोबा टाळ्या पिटत हसत असतात.

ऑफिसातली एक सहकारी मला म्हणाली की लहानपणी घरात लामचे सिनेमे लागायचे, पण या महिन्यात तिची आजी टीव्ही बंद करायची. हसण्याचा सिनेमा होता ना, मग बंद का? हसू आणि भीती यांच्यात 'किंवा' घालायची गरज तिच्या आजीला वाटत नव्हती. मांजरताई, तुम्ही हसलात म्हणून सिनेमा भीतिदायक नाही हा तर्क मला तोकडा वाटतो. ज्याच्या घरात ती भीती आहे त्याला विनोदाने सूट मिळते, आपल्याला फक्त विनोद दिसतो.

(जपानात मात्र पोरांनी कपाळाला कागद लावून नुसता खेळ केला. तैवानच्या बालकलाकारांच्या मालिका तिथे धो धो चालल्या. तिथे भीती नव्हतीच.)

---

काळी_मांजर

चांगीवाला, हा मुद्दा पटला नाही तरी आवडला. पण मग भीती सिनेमात नाही, आजीच्या घरात आहे. धागाकर्ते म्हणतात ती कुंग-फूमध्ये आहे. तुमचं एकमत होऊ द्या आधी.

आणि 1980 च्या त्या सिनेमाचं कौतुक चाललंय म्हणून सांगते. तो संपतो कसा? नायक बायकोला धोपटतो, आणि तो विनोद आहे असं समजून सिनेमा बंद. तिने बदफैली केली म्हणून. अंडी, बदकं सगळं विसरायला होतं तिथे.

---

पिंपळावरचा_पाहुणा

त्या शेवटाचा बचाव मी करणार नाही, तो ओंगळच आहे.

पण त्याच्या आधीची दहा मिनिटं बघा. दोन पुजारी उंच वेदींवर समोरासमोर उभे, आणि खाली आपापल्या माणसाच्या अंगात देव उतरवतात. आपल्याकडे अंगात येतं तसंच. वानरदेव अंगात आला की सॅमो हंग, एवढा जाड माणूस, माकडासारखा खाजवत, डोळे मिचकावत लढतो. त्याचं शरीर त्याचं राहिलेलं नाही. भूत बाहेरून येतं हे ठीक, पण स्वतःचेच हातपाय दुसऱ्याचे होणं? त्याआधी हॉटेलात जेवताना त्याचा एक हात त्याच्याविरुद्ध बंड करून लोकांना बडवतो, तेही तसंच. हे कुंग-फू येणाऱ्या माणसालाच साकारता येतं.

---

काळी_मांजर

हॉटेलातला हात मात्र भारी आहे, त्याला दहापैकी नऊ. भीतीला तीन. 'रिगॉर मॉर्टिस'मधल्या मुईला दहा, आणि ती एकही लाथ मारत नाही.

---

नाना_गिरणगाव

'व्हॅम्पायर व्हर्सेस व्हॅम्पायर' (1989) बघितलाय का कोणी? लामने स्वतः दिग्दर्शित केलेला. त्यात विलायती रक्तपिपासूवर मास्तरांचा कागद चालतच नाही, तांदूळ चालत नाही, काहीच चालत नाही. मांजरताई, पाककृती संपलेले मास्तर बघायचे असतील तर तो लावा आणि मग इथे येऊन गुण द्या.