मदत हवी आहे : लिक्सच्या परिचयाचं पहिलं वाक्य मराठीत कसं लिहू?

राम राम मंडळी, मी अमळनेरहून लिहितेय. आम्ही तिघं-चौघं मिळून लिक्स या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा वेबसाइटवरचा परिचय मराठीत नव्याने लिहितोय, म्हणजे सगळ्यात वर जो दोन-तीन परिच्छेदांचा मजकूर असतो ना तो, आणि पंधरा दिवस झाले पहिल्याच वाक्यावर गाडी अडलीय.

इंग्रजीत सुरुवात अशी आहे की लिक्स हा डॉक्युमेंट प्रोसेसर आहे आणि लिखाण कसं दिसतं यापेक्षा त्याच्या रचनेवर तो भर देतो. बरोबरच आहे ते. पण आम्ही त्याचं 'दस्तऐवज प्रक्रियक' केलं, मामेभावाला वाचून दाखवलं, तर तो विचारतो ताई हे तलाठी ऑफिसातलं काही आहे का. त्याचं काय चुकलं, आपल्याकडे दस्तऐवज म्हटलं की खरेदीखतच डोळ्यासमोर येतं.

आणि ज्याच्यासाठी हा परिचय लिहायचा तो माणूस म्हणजे हाच. जळगावला पीएचडी करतोय, केळीवरच्या करप्यावर. मागे गाइडनी सांगितलं तिसरं प्रकरण चौथं कर. झालं, आकृती ३.१ ची ४.१ करा, मजकुरात जिथे जिथे 'आकृती ३.७ पहा' आहे ते शोधा, मग अनुक्रमणिकेतले पान नंबर. दोन रात्री बसलो आम्ही, तो नंबर वाचायचा आणि मी प्रिंटवर लाल पेनाने टिक करायची, तरी एक तक्ता जुन्याच नंबरने बाइंडिंगला गेला. लिक्समध्ये आकृतीला एक लेबल देऊन ठेवायचं आणि मजकुरात त्या लेबलचा संदर्भ टाकायचा, मग प्रकरण उचलून कुठेही ठेवा, पीडीएफ काढताना नंबर आणि अनुक्रमणिका आपोआप जुळून येतात. आतून लाटेकच (कमांड लिहून पानांची मांडणी करणारं सॉफ्टवेअर) काम करतं पण कमांड पाठ कराव्या लागत नाहीत, मेनूतून होतं, आणि गणिताची समीकरणं तर स्क्रीनवरही समीकरणासारखीच दिसतात.

मला मनापासून वाटतं परिचय इथूनच सुरू व्हावा. आमच्यातला एक जण म्हणतो आधी व्याख्या आणि इतिहास हवा, म्हणजे १९९५ साली माथियास एट्रिख यांनी सुरुवात केली (पुढच्याच वर्षी केडीई हे लिनक्सवरचं डेस्कटॉप सुरू करणारेही तेच), जीपीएल हे मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स, लिनक्स-विंडोज-मॅक तिन्हीवर चालतं. सगळं खरं आहे, पण ते शेवटी शोभेल.

दुसरी अडचण. गावातल्या टायपिंगवाल्या काकांना दाखवलं, कित्येक वर्षं प्रबंध टाइप करताहेत. मथळा मध्यभागी आणायला त्यांनी स्पेसबार दाबला, तर ओळीच्या सुरुवातीला स्पेस पडेचना. एंटर दोनदा मारला तर रिकामी ओळ येईना. 'की अडकली का गं बेटा' म्हणत त्यांनी कीबोर्ड उलटा करून झटकला. मग मी वरच्या यादीतून 'मथळा' निवडून दाखवलं तेव्हा लक्षात आलं त्यांच्या. हे परिचयात आधीच सांगावं का? सांगितलं तर लोक बिचकतील, नाही सांगितलं तर पहिल्या पाच मिनिटांत बंद करतील.

प्रतिसाद १ (भुसावळ)
ताई, 'प्रक्रियक' काढाच. 'प्रबंध, पुस्तक, अहवाल लिहायचं सॉफ्टवेअर' एवढं पुरे. स्पेसचं सांगा, पण कारणासकट सांगा, की मथळा कोणता ते तुम्ही सांगायचं आणि तो किती मोठा, किती जागा सोडून, ते लिक्स बघणार, म्हणून स्पेस मारायची गरजच नाही. आणि देवनागरीचं विसरू नका. सेटिंगमध्ये फॉन्टखाली नॉन-टेक फॉन्टवर टिक करून झीटेक नाहीतर लुआटेक (पीडीएफ बनवणारी इंजिनं) घ्यावं लागतं, ते माहीत नसेल तर पहिलीच पीडीएफ अडते. परिचयात नको, पण लगेच खाली लिंक द्या.

प्रतिसाद २ (नंदुरबार)
मला थोडं वेगळं वाटतं भो. माझ्या गाइडना दुरुस्त्या करायला वर्डचीच फाइल लागायची. लिक्समध्ये बदल नोंदवायची सोय आहे, पण समोरच्याकडेही लिक्स पाहिजे. शिवाय लाटेक वेगळं बसवावं लागतं, ते डाउनलोड मोठं असतं आणि आमच्याकडे धडगावकडच्या पोरांना नेट जेमतेम. हे लपवलं तर पोरगं सबमिशनच्या आठवड्यात अडकेल. कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, दोन्ही लिहा.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार, गाइडचा मुद्दा आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. आत्ता असं केलंय, बघा :

'लिक्स हे प्रबंध, पुस्तक, अहवाल असं मोठं लिखाण करायचं मोफत सॉफ्टवेअर आहे. कुठलं प्रकरण, कुठला मथळा, कुठली आकृती एवढं तुम्ही सांगायचं. नंबर, अनुक्रमणिका, समासाची जागा लिक्स सांभाळतं, म्हणून इथे स्पेस आणि एंटर मारून मजकूर सरकवत नाहीत. छापायला तयार पीडीएफ मिळते. गाइडना वर्डचीच फाइल हवी असेल तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या.'

'सांभाळतं' ठेवू की 'बघतं'? रविवारी मामेभाऊ घरी येतोय, त्याला आणि टायपिंगवाल्या काकांना दोघांनाही वाचून दाखवते आणि इथे कळवते.