सूर्याचा 'रेडिओ स्फोट' की आणखी काही?

फोंडा: शाळेच्या भित्तिपत्रकासाठी सूर्यावर लिहितेय. सूर्याकडून मध्येच जोरदार रेडिओलहरी येतात, त्याला 'रेडिओ स्फोट' लिहिलं, तर मुलांनी विचारलं, "बाई, काय फुटलं?" दुसरा शब्द सुचवाल का?

डिचोली: मुलांचा प्रश्न बरोबर आहे. फुटतं ते वेगळं, रेडिओवर येतं ते वेगळं. सौरज्वालेत, म्हणजे सूर्यावरच्या एकाएकी उठलेल्या भडक्यात, चुंबकीय बलरेषा तुटून नव्याने जोडल्या जातात. स्फोट म्हणायचाच तर त्याला म्हणा. तिथून सुटलेला इलेक्ट्रॉनांचा झोत प्रकाशाच्या साधारण एक तृतीयांश वेगाने प्रभामंडलातून, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणातून, वर धावतो आणि वाटेतला प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) हेलकावू लागतो. हे हेलकावे सेकंदाला किती, ते तिथल्या इलेक्ट्रॉनांच्या दाटीवर ठरतं. एका घन सेंटिमीटरमध्ये १० कोटी असतील तर सुमारे ९० मेगाहर्ट्झ, म्हणजे आपल्या एफएमच्या पट्ट्यात! त्यातली थोडी ऊर्जा रेडिओलहरी होऊन निसटते. वर दाटी कमी, म्हणून काही सेकंदांत वारंवारता झरझर उतरते. अशा रेडिओ घटनांचे प्रकार क्रमांकांनी ओळखतात, त्यांतला हा तिसरा प्रकार.

काणकोण: मग 'उद्रेक' का नको?

डिचोली: तो सूर्यातून वस्तुमान फेकलं जातं त्यासाठी राखून ठेवावा असं मला ठामपणे वाटतं. ते वस्तुमान फार वेगात असलं की त्याच्यापुढे आघात-तरंग (एकदम दाब वाढवत जाणारी लाट) उठतो आणि त्यातून दुसरा प्रकार येतो. वारंवारतेची उतरण तीच, पण सेकंदांऐवजी मिनिटं घेणारी. तिथे 'उद्रेकामुळे उद्रेक' लिहावं लागेल.

काणकोण: पटलं. मग 'उसळी' घ्या. तीव्रता एकदम चढते नि ओसरते, फुटत काही नाही. 'भावाने उसळी घेतली' हे मुलांच्या कानावरचं आहे. पहिल्या प्रकाराला मात्र मी 'उधाण' म्हणेन. तो सूर्यावरच्या डागांच्या टापूवर तासन् तास, कधी कधी दिवसेंदिवस चालतो. आमच्या किनाऱ्यावर उधाण एका लाटेचं नसतं. त्यातही बारीक बारीक उसळ्यांची रांगच असते.

फोंडा: 'उधाण' फार आवडलं! आणि 'उसळी'ला माझ्या लेखातूनच आधार मिळतो. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश सैन्याच्या रडारांवर एकाएकी गोंगाट चढला. आधी संशय जर्मनांवर गेला. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. एस. हे यांनी नोंदी तपासल्या, तर दिशा सूर्याची निघाली, आणि तेव्हा सूर्यावर मोठा डाग होता. रडारवाल्यांना स्फोट दिसलाच नव्हता, त्यांना फक्त उसळी कळली. एक शंका आहे: 'उसळी' हे उसळ या पदार्थाचंही अनेकवचन ना?

डिचोली: हो, पण इथे एकवचन 'उसळी', अनेकवचन 'उसळ्या'. मागे 'रेडिओ' असला की घोळ होत नाही. 'रेडिओ उसळीचा वेग' मात्र लिहू नका. वेग झोताचा किंवा आघात-तरंगाचा, उसळीची तीव्रता.