अनुभव धागा: स्वयंपाकघराची फरशी आणि भिंत. काय बसवलंत, काय टिकलं?

गणपती झाले की आमच्या कोल्हापुरातल्या, जवाहरनगरच्या घराचं स्वयंपाकघर फोडायला काढायचंय. आत्ताची फरशी चकचकीत, वीस वर्षांपूर्वीची. पावसाळ्यात मागच्या दारानं ओल्या पायानं आत आलं की पाय ठरत नाही. गेल्या आषाढात सासूबाई कुकर उतरवून वळल्या आणि घसरल्या, मनगट मोडलं. तेव्हापासून दुकानात गेले की मी चप्पल काढून फरशीवर पाय घासून बघते. दुकानदार म्हणतात मॅट, म्हणजे बिनचकाकीची घ्या, शेजारच्या वहिनी म्हणतात मॅटमध्ये तेलकट बसतं. घरात बसवून दोन-चार वर्षं वापरलंय त्यांनी लिहा. भिंतीला टाइल कुठवर घेतलीत तेही सांगा.

राजारामपुरीतून
मॅटच घ्या. फक्त दगडासारखे उंचवटे असलेली नको, खाचांत मळ धरतो. बारीक खरखरीत असेल ती पोछानं निघते. माझं खरं दुखणं भिंतीचं आहे. हौसेनं ३ बाय ६ इंची पांढऱ्या टाइल्स लावल्या, विटांसारख्या. सुरेख दिसल्या, पण नुसते सांधेच सांधे! रविवारी तांबड्या रश्श्याला कट सुटेपर्यंत शेगडीमागं शिंतोडे उडतात. टाइलवरचे पुसले की जातात, सांध्यातल्या पांढऱ्या सिमेंटात मात्र हळद मुरली. साबणानं घासलं तर डाग लालभडक झाले, घाबरलेच मी. आई म्हणाली, अगं, हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तसंच हे. शेवटी शेगडीमागचे सांधे कोरून काढले आणि इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा राळेचा मसाला, भरून घेतलं. महाग पडलं, पण दीड वर्ष झालं, पिवळेपणा नाही. भरताना मिस्त्रींना लगेच पुसायला लावा, टाइलवर वाळलं की निघता निघत नाही. परत केलं तर १ बाय २ फुटी टाइल घेईन. आणि दुकानातून दोन तुकडे आधी घरी आणा, तेल-हळद लावून रात्रभर ठेवा, सकाळी धुऊन बघा.

शाहूपुरी, कुंभार गल्लीतून
आमचा हिशेब वेगळा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरात छातीएवढं पाणी होतं, २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं. पहिल्या पुरात प्लायवूडच्या ट्रॉल्या फुगून पावासारख्या झाल्या, भिंतीची लांबी, म्हणजे पुट्टी, पापुद्र्यांनी सुटली. व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारख्या घट्ट भाजलेल्या फरशीला मात्र काही झालं नाही. गाळ खराट्यानं ओढला, धुतली, झाली स्वच्छ. मग ओट्याखाली कडप्प्याची मांडणी केली आणि स्टीलच्या जाळ्या बसवल्या. दुसऱ्या पुरानंतर त्या फक्त धुवाव्या लागल्या. एक चूक सांगते. पहिल्या वेळी दिवाळीच्या घाईनं ओल्याच गिलाव्यावर रंग दिला. संक्रांतीपर्यंत फोड आले, सगळा खरवडून काढावा लागला. भिंत आतून वाळायला काही महिने जातात. तेवढे दिवस ती उघडी दिसली तर दिसू द्या.

शिवाजी पेठेतून
जुनं घर, शहाबादी फरशी. काढली नाही, घासून घेतली. ओल्या पायाला धरते, सिलेंडर ओढला तरी ओरखडा दिसत नाही. लिंबू, चिंच, ताक सांडलं की लगेच पुसावं लागतं, नाहीतर पांढरट डाग पडतो. माझ्या डोळ्यांना तो आता खटकत नाही.

पाचगावातून
ताई, मी स्वतः फरशीचं काम करतो. निवडीवर एवढं बोलणं होतं, बसवण्यावर कुणी बोलत नाही. भिंतीला व्हिट्रिफाइड घेणार असाल तर नुसत्या सिमेंटवर चिकटवू देऊ नका. ती पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत, त्यामुळं सिमेंटची पकड बसत नाही. तिला टाइल चिकटवायचं अॅडेसिव्हच पाहिजे. साधी सिरॅमिक मात्र पाण्यात चांगली भिजवूनच लावायची. काम झालं की नाण्यानं प्रत्येक टाइलचे चारही कोपरे वाजवा. 'ठक्क' आलं तर भरीव, 'ढब्ब' आलं तर पोकळ. पैसे द्यायच्या आधी वाजवा. खोकी घेताना सगळ्यांवर बॅच नंबर एकच आहे ना बघा आणि शंभराला दहा जास्त घ्या. पुढं तुटली तर तोच रंग मिळत नाही. ढाळ मोरीकडं ठेवायला सांगा आणि आपल्यासमोर बादली ओतून बघा.

धागा काढणारी, परत जवाहरनगरातून
मंडळी, मनापासून आभार. काल मॅटचे दोन तुकडे आणले, एक राखाडी, एक बदामी. हळद दोन्हींवरून गेली. मग मोरीत ओले करून ठेवले, सासूबाई माझा हात धरून दोन्हींवर उभ्या राहिल्या. बदामीवर त्यांनी आपणहून हात सोडला. ती ठरली. आमची मोरी काढून तिथं वॉशिंग मशीन ठेवायचा विचार चाललाय. मोरी काढली तर ढाळ कुठं द्यायचा? कुणी केलं असेल तर लिहा.