आरोग्य केंद्राशेजारचा कचरा डेपो थांबवण्यासाठी अर्ज कोणाकडे करावा?

वळणवाट : आमच्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कुंपणाला लागून असलेल्या मोकळ्या जागेत कचरा टाकण्याचा ठराव मंजूर झाला असून घंटागाड्या तेथेच रिकाम्या होत आहेत. केंद्राकडे जाणारा जवळचा रस्ता त्यामुळे अडला आहे आणि बाळंतपणासाठी येणाऱ्या स्त्रियांनाही मोठा वळसा घेऊन यावे लागते. तोंडी तक्रारींची दखल कोणीही घेत नाही. अर्ज कोणाकडे व कोणत्या कलमाखाली करायचा, एवढेच कृपया लवकर सांगावे.

जुना_लिपिक : ग्रामपंचायत आहे की नगरपंचायत? दोन्हींचे कायदे वेगळे असल्यामुळे हे कळल्याशिवाय कलम सांगता येणार नाही. शिवाय ठरावात 'डेपो' म्हटले आहे की 'विलगीकरण केंद्र', म्हणजे कचरा प्रकारानुसार वेगळा करण्याची जागा, हेही पाहावे लागेल.

गांडूळखत : प्रत्येक घराने ओला कचरा स्वतःच जिरवला, तर डेपोची गरजच उरणार नाही. आमच्या वसाहतीत आम्ही खताचे खड्डे केले आहेत आणि ते उत्तम चालले आहेत. आपणही तेथूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

वळणवाट : नगरपंचायत आहे. ठरावाची प्रत मागूनही मिळाली नाही. खताचे खड्डे चांगलेच आहेत, परंतु त्यांनी आज अडलेला रस्ता मोकळा होणार नाही. रात्री कचरा पेटवला जातो आणि धूर थेट केंद्राच्या खिडक्यांत जातो.

जुना_लिपिक : पेटवला जातो, ही बाब महत्त्वाची आहे. महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ नुसार एखादा ठराव बेकायदेशीर असल्यास, किंवा त्यामुळे लोकांना इजा वा उपद्रव होण्याची शक्यता असल्यास, त्याची अंमलबजावणी जिल्हाधिकारी स्थगित करू शकतात. अर्ज थेट त्यांच्याकडे करावा आणि मुख्याधिकाऱ्यांना प्रत द्यावी. रस्त्यावरील अडथळ्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज करता येतो. धुराबद्दल लिहिताना राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणविषयक दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने) डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास घातलेल्या बंदीचा उल्लेख अवश्य करावा.

माहिती_अधिकार : ठराव हातात नसताना स्थगिती कशाला मागणार? आधी माहितीचा अर्ज करावा. जीविताचा प्रश्न असल्यास ४८ तासांत माहिती देण्याची तरतूद कायद्यातच आहे.

जुना_लिपिक : ती तरतूद व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी थेट निगडित माहितीपुरती आहे, आणि ठरावाच्या प्रतीला ती लागू होते हे पटवून देण्यातच वेळ जाईल. एरवी मुदत ३० दिवसांची आहे. प्रत मागूनही दिली नाही, हे स्थगितीच्या अर्जातच लिहावे. माहितीचा अर्ज करावा, पण त्यासाठी बाकीचे थांबवू नये.

माहिती_अधिकार : कागदाशिवाय केलेले अर्ज बाजूला ठेवले जातात, हे मी पाहिलेले आहे. माझे मत कायम आहे.

सेवेतली_ताई : केंद्राचा जैववैद्यकीय कचरा, म्हणजे उपचारांतून निघणाऱ्या सुया, पट्ट्या वगैरे, कोण नेते, हे कोणी विचारलेच नाही. पिवळ्या व लाल पिशव्यांतला कचरा सार्वजनिक कचऱ्यात मिसळण्यास २०१६ च्या नियमांनी मनाई केलेली आहे. कुंपणापलीकडे ढीग असल्यावर चुकून एखादी पिशवी तिकडे गेली, तर कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला सुया लागतील. तसेच घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी वापरलेल्या सुया जाड झाकणबंद डब्यात साठवून वेगळ्या द्याव्यात, घंटागाडीत सुट्या टाकू नयेत. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी धुराचा रुग्णांना होणारा त्रास लेखी दिला आहे काय?

वळणवाट : अजून नाही, उद्याच विचारतो. मुख्याधिकारी म्हणतात की दुसऱ्या जागेसाठी निधी नाही. शिवाय भरावभूमी (कचरा कायमचा पुरण्याची जागा) वस्तीपासून २०० मीटर दूर हवी, असे एका परिचितांनी सांगितले. ते खरे आहे काय?

नियमवाचक : घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये वस्तीपासून २०० मीटर आणि नदीपासून १०० मीटर अंतर सांगितले होते, पण ते भरावभूमीसाठी. नगरपंचायत हे केवळ विलगीकरण केंद्र आहे असे म्हणेल, म्हणून अर्जाचा सगळा भार अंतरावर टाकू नये. रोज किती गाड्या येतात, किती दिवस कचरा तसाच पडून राहतो आणि केव्हा पेटवला जातो, याची तारीखवार छायाचित्रे जोडावीत. निधीच्या सबबीला उत्तर १९८० मधल्या रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात आहे. पैसा नाही म्हणून सार्वजनिक आरोग्याचे वैधानिक कर्तव्य टाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट केले होते. हरित लवादाकडे जायचे ठरले, तर तेथे मूळ अर्ज दाखल करण्याची सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवावी.

जुना_लिपिक : आणखी एक विचारायचे राहिले. ती मोकळी जागा कोणाच्या नावावर आहे? आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे असेल आणि सातबाऱ्यावर जागाही तिचीच निघाली, तर नगरपंचायतीने तेथे कचरा टाकण्याचा ठराव केलाच कसा, या मुद्द्यावर स्थगिती मागता येईल. उतारा आधी काढावा.