मदत हवी आहे: ‘परमिशन डिनाइड’ घालवायला गेले आणि सुडोच बंद पडलं

मंडळी, कमांडही देवनागरीतच लिहिते आहे, उच्चारावरून ओळखून घ्या.

भाच्यानं जुन्या लॅपटॉपवर उबंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) घालून दिलंय. गावच्या वाचनालयाच्या जुन्या स्मरणिका स्कॅन केल्या आहेत, त्यातला मजकूर टेसरॅक्टनं (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामनं) काढायचा आहे. इंग्रजी पान चटकन वाचलं. मराठीला मात्र ‘एमएआर डॉट ट्रेन्डडेटा’ ही फाइल उघडता येत नाही म्हणे. ती गिटहबवरून उतरवली आणि यूएसआर या सिस्टिमच्या फोल्डरच्या पोटातल्या टेसडेटा फोल्डरमध्ये चिकटवायला गेले, तर परमिशन डिनाइड. लॅपटॉप माझा, पासवर्ड माझा, आणि परवानगी नाही!

एका व्हिडिओत तोडगा मिळाला: सुडो सीएचमॉड मायनस आर ७७७, पुढे यूएसआर फोल्डरचं नाव. (सुडो म्हणजे पुढची कमांड सर्वाधिकारानं चालव, सीएचमॉड म्हणजे परवानग्या बदल.) केलं. फाइल बसली, मराठी पान वाचलंसुद्धा. संध्याकाळी अपडेट करायला गेले तर सुडो म्हणतं की त्याचा मालक यूआयडी ० हवा आणि सेटयूआयडी बिट लावलेला हवा. आता कुठलीच सुडो कमांड चालत नाही. भाचा परदेशी आहे, त्याच्याकडे आत्ता रात्र आहे. काय करू?

प्रतिसाद १
अरेरे. मायनस आर म्हणजे आतल्या एकूण एक फाइलला. आजच्या उबंटूत बिन आणि लिब हे फोल्डरही यूएसआरकडेच बोट दाखवतात, म्हणजे जवळजवळ अख्खी सिस्टिम त्यात आली. आता त्याच फोल्डरवर ७५५ चालवून ‘पूर्ववत’ करायला जाऊ नका. सुडो त्यानं परत येणार नाही.

प्रतिसाद २
ताई, आधी काय झालं ते सांगतो, म्हणजे पुढचं उमगेल. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १; बेरीज ७. तीन सात म्हणजे मालक, गट आणि बाकीचे सगळे, तिघांनाही पूर्ण मुभा. पण या तिन्हींच्या आधी आणखी एक आकडा असतो, जो आपण सहसा लिहीत नाही. सुडोचा खरा आकडा ४७५५. तो पहिला ४ म्हणजे सेटयूआयडी: फाइल कुणीही चालवली तरी ती मालकाच्या, इथे रूटच्या (म्हणजे यूआयडी ० असलेल्या, सिस्टिमच्या सर्वाधिकाऱ्याच्या), अधिकारानं चालते. सुडोची सगळी जादू त्या चारात. तुम्ही नुसतं ७७७ लिहिलंत, तेव्हा त्या चाराच्या जागी शून्य बसलं. सगळ्यांना सगळं देताना सुडोचं मात्र काढून घेतलं गेलं!

आता उपाय. लॅपटॉप चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन रिकव्हरी मोड निवडा आणि तिथून रूट शेल, म्हणजे रूटच्या अधिकाराची कमांड खिडकी, उघडा. तिथं सुडो लागतच नाही. आधी ‘माउंट मायनस ओ रीमाउंट स्वल्पविराम आरडब्ल्यू’ आणि पुढे एक तिरकी रेघ, नाहीतर डिस्कवर लिहिता येणार नाही. मग यूएसआर-बिनमधल्या सुडोला सीएचमॉड ४७५५.

धागाकर्ती
केलं. हात कापत होते! आता सुडो नवीनच रडगाणं गातंय: सुडोअर्स डॉट एसओ ही फाइल फक्त मालकालाच लिहिता यायला हवी.

प्रतिसाद २
बरोबर आहे त्याचं. ती फाइल कुणीही बदलू शकत असेल तर सुडोनं तिच्यावर भरवसा का ठेवावा? रूट शेलमधून तिला ६४४ द्या, सुडो चालेल. पण तेवढ्यावर थांबू नका. एसयू, पासडब्ल्यूडी, माउंट या कमांडींचेही ते पहिले चार गेलेत, आणि हजारो फाइली सगळ्यांना उघड्या आहेत. एकेक पॅकेज पुन्हा बसवून हे दुरुस्त करता येतं, पण मी तुमच्या जागी असतो तर होम फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन उबंटू नव्यानं घातलं असतं. तासाभराचं काम.

आणि मुळात त्या फोल्डरला हात लावायची गरजच नव्हती. ‘सुडो एपीटी इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर’ एवढं केलंत की मराठी फाइल आपोआप जागेवर बसते. गिटहबवरची ‘बेस्ट’ (जास्त अचूक, पण संथ) फाइलच हवी असेल, तर ती होममध्येच एखाद्या फोल्डरात ठेवा आणि कमांडमध्ये ‘टेसडेटा-डिर’ या पर्यायापुढे त्याचा पत्ता द्या. आपल्या होममध्ये कुणाची परवानगी लागत नाही.

प्रतिसाद ३
टेसरॅक्टच्या त्या पहिल्या एररमध्येच लिहिलेलं असतं की टेसडेटा-प्रीफिक्स (भाषांच्या फाइली कुठे आहेत ते सांगणारी सेटिंग) नीट लावलंय का बघा. आपण ‘एरर’ दिसलं की पुढचं वाचतच नाही. (मीही नाही वाचत.)

धागाकर्ती
भाचा उठला, आधी हसला, मग व्हिडिओ कॉलवर बसून नवीन उबंटू घालून घेतलं. स्कॅन सगळे सुखरूप आहेत. एपीटीची फाइल बसवली, शिवाय होममध्ये ‘बेस्ट’ही ठेवली. एपीटीवाली ‘फास्ट’ जातीची असते म्हणे. माझ्या पिवळ्या पानांवर ‘बेस्ट’नं जोडाक्षरं जास्त बरोबर ओळखली, वेळ मात्र बराच घेतला. रफार अजून हातानंच दुरुस्त करते आहे.

प्रतिसाद २, तुमचे आभार कसे मानू? संपादक, शीर्षकापुढे ‘सुटले’ असं जोडाल का? मला इथे एडिट करायची परमिशन नाहीये.