मोठी माणसं आपोआप लक्षात राहतात, हे खरं आहे का?

अडगळ:
कुठल्यातरी मोठ्या माणसाचा जन्मदिन किंवा स्मृतिदिन आला की एक फोटो, खाली दोन तारखा, एखादं सुविचारछाप वाक्य (जे बरेचदा त्या माणसाने म्हटलेलंच नसतं) आणि झालं, स्मरण आटोपलं. फोटोवर माझा राग नाहीये, टाका खुशाल. पण त्यामागे एक समजूत असते ना, की माणूस खरंच प्रतिभावान असेल तर जग उशिरा का होईना त्याला ओळखतंच, ती मला साफ खोटी वाटते. आपल्याला जी नावं माहीत आहेत त्यातल्या बऱ्याच जणांच्या मागे कोणीतरी हाडाची काडं केलीत म्हणून ती माहीत आहेत.

चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचंच घ्या. 1890 च्या जुलैत तो गेला, पुढच्या सहा महिन्यांत भाऊ थिओ पण गेला. मागे राहिली थिओची बायको योहाना, वय 28, कडेवर तान्हं मूल आणि शेकडो चित्रं ज्यांना बाजारात कोणी विचारत नव्हतं. तिने ती एकगठ्ठा फुंकून टाकली नाहीत. कुठल्या प्रदर्शनात कुठलं पाठवायचं, कुठलं विकायचं, कुठलं नुसतं भिंतीवर लावायचं म्हणजे बाकीच्यांची किंमत चढेल, हे सगळं ती डोकं लावून करत राहिली. 1905 मध्ये आम्स्टरडॅमला चारशेच्या वर कामांचं प्रदर्शन लावलं. व्हिन्सेंटची पत्रं, ज्यातल्या बहुतेकांवर तारीखच नव्हती, ती क्रमाने लावत बसली आणि 1914 ला छापली. आज तो आपल्याला "कळतो" तो त्या पत्रांमुळे. आणि योहाना? तिच्यासाठी फोटो कोण टाकतं? माझं म्हणणं असं की स्मरण करायचंच तर आधी राखणाऱ्याचं करा.

तिरकस:
हे पडद्यामागच्यांचं कौतुक हल्ली फार बोकाळलंय. योहानाने राखली म्हणून चित्रं मोठी झाली, की चित्रं मोठी होती म्हणून तिचं राखणं कामी आलं? नवऱ्याची, दिराची, भावाची चित्रं माळ्यावर जीवापाड जपणारे ढिगाने असतील, त्यातून काही व्हॅन गॉग निघाले नाहीत.

आणि "कोणी विचारत नव्हतं" हे पण जरा रंगवून झालं. जानेवारी 1890 ला, म्हणजे तो जिवंत असताना, आल्बेर ओरिए या समीक्षकाने त्याच्यावर मोठा स्तुतिलेख लिहिला होता. त्याच वर्षी ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात त्याचं लाल द्राक्षमळ्याचं चित्र विकलं गेलं, घेणारी ॲना बॉक स्वतः चित्रकार. म्हणजे जाणकारांच्या नजरेत तो भरायला लागलाच होता. योहाना नसती तर दहावीस वर्षं उशीर झाला असता, बाकी काही नाही. आज ना उद्या चांगलं काम वर येतंच.

अडगळ:
माळ्यावर जपलेल्या त्या ढिगात काय होतं ते तुम्हाला कसं कळलं? तुम्ही बघितलं? बुडालेलं दिसत नाही म्हणून बुडालेलं सगळं फालतू होतं असं धरून चालायचं, हाच तर घोटाळा आहे. आणि तो एक लेख, एक विक्री याच्या जोरावर पुढचं सगळं आपसूक झालं असतं हे कशावरून? असे एकदोन लेख कित्येकांवर येतात.

तिरकस:
ठीक आहे, मग मेंडेल सांगा. ग्रेगोर मेंडेल, ब्रनोच्या मठातला, आईबापांचे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात हे बघायला वाटाण्याच्या रोपांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले, 1865 ला निबंध वाचला, 1866 ला छापून आला, कोणी ढुंकून बघितलं नाही. 1884 ला वारला. त्याची ना योहाना होती ना थिओ. तरी 1900 साली द व्रीस, कोरेन्स आणि चेरमाक असे तिघं शास्त्रज्ञ त्याच निष्कर्षांपर्यंत आले आणि मेंडेल वर आलाच की नाही? इथे कोण राबलं होतं?

शंकासुर:
मधे बोलतो, कारण हे उदाहरण वाटतं तितकं सरळ नाहीये.

1900 ला वर आला तो नियम. तो येणारच होता, वाटाणे काही पळून जात नव्हते. पण मेंडेल हे *नाव* वर आलं ते त्याचा निबंध ग्रंथालयांत पडून होता म्हणून, आणि दुसरं म्हणजे त्या तिघांत पहिला कोण यावरून कुरबूर झाली म्हणून. द व्रीसच्या पहिल्या फ्रेंच टिपणात मेंडेलचा उल्लेखच नव्हता. कोरेन्सने मात्र आपल्या लेखाच्या मथळ्यातच "मेंडेलचा नियम" असं घालून टाकलं, म्हणजे बाबा रे तू पण पहिला नाहीस आणि मी पण नाही. चढाओढीतून मेलेल्या माणसाला न्याय मिळाला.

माझ्या मते तुम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टी एकाच दावणीला बांधताय. शोध पुन्हा लागू शकतो, फक्त शोधणाऱ्याचं नाव बदलतं. चित्र, गाणं पुन्हा लागत नाही. ते गेलं की गेलं.

रियाजी:
शंकासुर +1. संगीतातलं तर विचारूच नका.

जर्मन संगीतकार बाखचं सांगतो. नेहमीची गोष्ट अशी की 1750 ला बाख वारला, जग त्याला विसरलं, मग 1829 च्या मार्चमध्ये विशीतल्या फेलिक्स मेंडेल्सोन या संगीतकाराने बर्लिनला त्याचं सेंट मॅथ्यू पॅशन (येशूच्या मरणाच्या कथेवरची मोठी गायनरचना) सादर केलं आणि बाख पुन्हा जिवंत झाला. ऐकायला झकास, पण अर्धवट. वादकांच्या वर्तुळात बाख कधी मेलाच नव्हता, मोझार्टने 1782 च्या सुमारास त्याचे फ्यूग (एकच चाल वेगवेगळ्या आवाजांत मागोमाग येते अशा रचना) बसवले होते, बेथोवेन पोरवयात त्याची वेल टेम्पर्ड क्लाव्हियर (पियानोसारख्या वाद्यांसाठीच्या रचनांचा संग्रह) वाजवायचा, 1802 ला फोर्केलने चरित्र पण छापलं होतं. इथपर्यंत तिरकसरावांच्या बाजूने.

आता उलट बाजू. बाखच्या मृत्युलेखात म्हटलंय की त्याने चर्चच्या कॅन्टाटांचे (उपासनेत गायच्या रचनांचे) पाच वर्षांचे संच लिहिले. वर्षाचे जवळपास सगळे रविवार, वर सणवार, हिशोब करा. आज हातात आहेत साधारण दोनशे. हस्तलिखितं पोरांत वाटली गेली, कार्ल फिलिपने आपला वाटा नीट ठेवला, थोरला विल्हेल्म फ्रीडेमान पैशाच्या तंगीत एकेक काढून विकत गेला. म्हणजे कुठलं संगीत उरलं आणि कुठलं नाही हे ते किती चांगलं होतं यावर ठरलेलंच नाही, कुठल्या मुलाच्या कपाटात पडलं यावर ठरलं!! आणि जे गेलं त्यात पॅशनच्या तोडीचं काही नव्हतं असं छातीठोक कोण सांगणार?

अजून एक. 1829 ला मेंडेल्सोनने जे सादर केलं ते पूर्ण नव्हतं, बरेच आरिया (एकट्याने गायची गाणी) त्याने उडवले होते. तेव्हा राखणाऱ्यांना फार डोक्यावर घेऊ नका, ते कात्री पण चालवतात.

नुसताबघ्या:
सगळं ठीक आहे पण रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरचं काय करायचं? हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया केला म्हणून खतं आली, 1918 चं नोबेल मिळालं, आणि त्याच माणसाने 1915 ला पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रला शत्रूवर विषारी क्लोरीन वायू सोडायच्या कामावर जातीने देखरेख केली. असल्या माणसाचं स्मरण कसं करणार?

अडगळ:
दोन्ही एकाच ओळीत लिहून. पण तो वेगळा वाद आहे, तो इथे घुसवला की मूळ मुद्दा वाहून जातो, वेगळा काढा.

पानगळ:
मेंडेल्सोनचा विषय निघालाच आहे तर त्याच घरातलं पुढचं बोलू. बाखला राखणारा हाच फेलिक्स, आणि याचीच थोरली बहीण फॅनी. दोघांचं शिक्षण बरोबरीने झालं. 1820 ला, ती चौदा-पंधरा वर्षांची असताना वडिलांनी पत्रात कळवलं की संगीत फेलिक्सचा पेशा होईल, तुझ्यासाठी मात्र तो दागिनाच राहील. तिची सहा गाणी फेलिक्सच्या नावाने छापली गेली. 1842 ला राणी व्हिक्टोरियाने त्याच्यासमोर त्याचं म्हणून एक गाणं आवडीने गायलं आणि त्याला सांगावं लागलं की हे माझं नाही, बहिणीचं आहे. तिने स्वतःच्या नावाने छापायला सुरुवात केली 1846 ला, आणि 1847 च्या मे मध्ये ती गेलीच, वय 41.

हे इथेच संपत नाही. तिचा 1828 चा ईस्टर सोनाटा (पियानोची रचना), त्याचं हस्तलिखित विसाव्या शतकात सापडलं तर तो चक्क फेलिक्सचा म्हणून खपला! 2010 च्या आसपास एका संशोधक बाईंनी हस्ताक्षर बघितलं, पानांवरचे नंबर बघितले, ते फॅनीच्या दुसऱ्या एका वहीतून गायब असलेल्या पानांशी तंतोतंत जुळले, तेव्हा तो तिच्या नावावर आला. पानांचे नंबर! तिरकसराव, "चांगलं काम आज ना उद्या वर येतं" यात तो सोनाटा कुठे बसतो? काम वर आलं होतं, नाव भावाचं लागलं.

तिरकस:
अन्याय झाला, कोण नाही म्हणतंय. पण मला खटकतं ते वेगळं आहे. आता फॅनीचं नाव निघतं ते नेहमी याच गोष्टीसाठी, बाप, भाऊ, राणी, अन्याय. तिचं संगीत ऐकलंय किती जणांनी? ज्याला तुम्ही स्मरण म्हणताय त्यात बाई पुन्हा दागिनाच झाली, फक्त आता आपल्या सहानुभूतीचा. बाखबद्दल कोणी असं बोलत नाही, बाख लावतात आणि ऐकतात.

रियाजी:
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

पानगळ:
मी ऐकलंय म्हणून तर बोलतेय. तिची दास यार (म्हणजे 'वर्ष'), 1841, बारा महिन्यांचे बारा पियानो तुकडे आणि शेवटी एक उपसंहार. मार्च काढा, सुरुवातीला नुसता गढूळ, खालच्या पट्ट्यांत घुटमळत राहतो, पुढे कुठे जाणार काही कळत नाही, आणि मग त्यातून ईस्टरचं जुनं स्तोत्र वर यायला लागतं, आधी साधं, नंतर त्याच्याभोवती स्वर असे उसळायला लागतात की एका माणसाचे दोन हात आहेत हे खरं वाटू नये. तिने स्वतः याची एक सुंदर प्रत केली होती, प्रत्येक महिन्याला वेगळ्या रंगाचा कागद आणि वर नवऱ्याने काढलेलं छोटं चित्र. सहानुभूती नकोच, बाखसारखं लावा आणि ऐका.

वेळूबन:
तत्त्वज्ञानात तर राखणारा कधीकधी शत्रूच असतो. चार्वाकांचे मूळ ग्रंथ गेले. त्यांच्याबद्दल जे काही कळतं त्यातलं बरंचसं त्यांना खोडून काढणाऱ्यांनी लिहून ठेवलंय म्हणून कळतं. चौदाव्या शतकातला सर्वदर्शनसंग्रह हा ग्रंथ चार्वाकापासूनच सुरू होतो, का तर पुढच्या दर्शनांना त्याला खोडायला सोयीचं. अनुमान हे ज्ञानाचं खात्रीचं साधन का नाही यावरचा त्यांचा युक्तिवाद चांगला कसदार आहे, तो त्याच पुस्तकात दिलाय सुद्धा. पण लोकांच्या तोंडी काय राहिलं? "ऋणं कृत्वा घृतं पिबेत्". एका अख्ख्या विचारपरंपरेची ओळख काय तर उधळे! सॉक्रेटिस तरी नशीबवान, स्वतः एक ओळ लिहिली नाही पण प्लेटो शिष्य होता. तोच जर विरोधकांच्या तावडीत सापडला असता तर आज आपण त्याला तरुणांना नादी लावणारा कोणी वाचाळ म्हणून ओळखलं असतं.

अडगळ, तुमच्या "आधी राखणाऱ्याचं स्मरण" या हिशोबाने चार्वाकांच्या विरोधकांना पण हार घालायचा का?

अडगळ:
हार नको, पण पोच द्यायला हवी, हो. त्यांनी खोडायला का होईना, लिहून ठेवलं. आणि सोबत हे पण सांगायचं की आपण वाचतोय ती दुसऱ्या बाजूने दिलेली साक्ष आहे. माझं "राखणारा" म्हणजे संत नव्हेच. योहानाने पण 1914 च्या आवृत्तीत घरच्या लोकांबद्दलचे काही मजकूर गाळले होतेच. ते कळलं की व्हॅन गॉगची पत्रं वाचताना आपण जरा सावध वाचतो, एवढं जरी झालं तरी त्या फोटोपेक्षा बरंच.

तिरकस:
मार्च ऐकला. चांगला आहे, माझ्या अपेक्षेपेक्षा बराच चांगला, मधे जरा लांबतो. पण बघा, मला पटवायला शेवटी संगीतच लागलं, राणी व्हिक्टोरियाची गोष्ट नाही लागली. माझा मुद्दा जिथल्या तिथे आहे, काम बोलतं.

पानगळ:
काम बोलतं, कबूल. पण हे काम 1841 ला लिहिलेलं आणि पूर्ण छापून आलं 1989 ला, ते पण कोणीतरी हस्तलिखितं वाचत बसलं म्हणून. मधली 148 वर्षं ते कोणाशी बोलत होतं तेवढं सांगा.