मदत हवी आहे: त्वचारोगांवरचा एकच मोठा संदर्भग्रंथ घ्यायचा आहे, कोणता घ्यावा?

नमस्कार. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला माझी जनरल प्रॅक्टिस आहे. आम्ही सात-आठ फॅमिली डॉक्टर महिन्यातून एकदा राजारामपुरीत एकाच्या दवाखान्यात जमतो आणि अडलेल्या केसेसवर बोलतो. यंदा वर्गणी काढून पुस्तकांचं सामाईक कपाट करायचं ठरलं. मेडिसिन आणि बालरोगाची पुस्तकं पाच मिनिटांत ठरली. त्वचेपाशी गाडी अडली ती अजून हललेली नाही, आणि काम माझ्या गळ्यात पडलंय.

आधी गरज सांगते, कारण ‘बेस्ट बुक कुठलं’ असं विचारलं की प्रत्येक जण आपण एमडीला वाचलेलं नाव सांगून मोकळा होतो. आमच्यात त्वचारोगतज्ज्ञ कुणी नाही. नीना खन्नांचं त्वचारोगांवरचं छोटं पुस्तक, सिनॉप्सिस, सगळ्यांच्या घरी आहे, त्यावर एमबीबीएस निभावलं. आता त्याच्या पुढचं हवंय. पेशंट म्हणाल तर उसाच्या पट्ट्यातले शेतकरी, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतले कामगार, हुपरीचे चांदी कारागीर, सिमेंटात हात घालणारे गवंडी, आणि त्यांच्या घरची खाजवणारी पोरं.

एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत ओळखीने बसायला मिळालं. रूक, फिट्झपॅट्रिक, बोलोनिया आणि आपल्या आयएडीव्हीएलचं (भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेचं) टेक्स्टबुक असे चार ग्रंथ टेबलावर मांडले. प्रस्तावना आणि मागच्या पानावरची स्तुती वाचलीच नाही. आमच्या ओपीडीत येणारे आजार घेतले आणि प्रत्येक ग्रंथात तेवढीच पानं उघडली.

पहिला आजार अर्थात गजकर्ण. गेल्या दहा वर्षांत याने आपल्याकडे काय थैमान घातलंय ते इथल्या डॉक्टरांना सांगायला नको. पुस्तकातलं गजकर्ण म्हणजे गोल चट्टा, कडेला लाल उंचवटा, मधे साफ कातडी. माझ्याकडे येतो तो फौंड्रीतला माणूस. जांघेपासून पोटापर्यंत पसरलेलं, कड पुसट झालेली, आणि नीट उजेडात पाहिलं तर एका कड्यात दुसरं कडं. स्टेरॉईड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली ट्यूब कित्येक महिने चोळली की हे असं दिसतं. वर टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाला दाद नाही. आता त्या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं वेगळं नाव आहे, ते 2020 मध्ये मिळालं. म्हणजे 2019 चं फिट्झपॅट्रिक किंवा 2016 चं रूक उघडलं तर तिथे हे नाव सापडणं शक्यच नाही. त्यात ग्रंथाचा दोष नाही, पण आमची अडचण खरी आहे.

दुसरं गाजर गवत. पन्नाशीच्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा दिसलेलं हे गवत आज नाही असा एकही बांध नाही. त्याचा इसब उन्हाच्या ॲलर्जीसारखा दिसतो आणि तिथेच फसगत होते. उन्हाचा त्रास असेल तर पापण्या, हनुवटीच्या खालचा भाग आणि कानामागची जागा बहुतेक सुटते. गवताचे कण हवेतून येतात, ते नेमके तिथेच जाऊन बसतात. हा फरक दोन ओळींत आणि शक्यतो फोटोसकट सांगणारं पुस्तक मला हवंय. परदेशी ग्रंथांत कॉन्टॅक्ट डर्मटायटिसचं प्रकरण भलंमोठं असतं, पण त्यात निकेल, परफ्यूम आणि केसांचा डाय पुढे आणि आपलं गवत कुठेतरी कोपऱ्यात.

तिसरा कुष्ठरोग. शेंडा पार्कचं कुष्ठधाम असलेल्या गावात राहून हा आजार इतिहासजमा झाला असं मानायला मी तयार नाही. 2005 अखेर देशाने निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठलं, पण त्याचा अर्थ दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, शून्य रुग्ण नव्हे. फिकट चट्टा, त्यावर कापसाचा स्पर्श कळत नाही, कोपराशी मज्जातंतू दोरीसारखा लागतो, असे पेशंट अधूनमधून येतातच. इथे आवृत्तीचं साल बघावंच लागतं. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कमी जंतूंच्या रुग्णालाही तीन औषधं द्यायला सांगितलं, त्याआधी दोनच होती.

आणि या सगळ्याच्या मुळाशी कातडीचा रंग. ‘लालसर चट्टा’ असं छापलेलं असतं आणि शेजारी गोऱ्यापान पाठीचा फोटो. आमच्या सावळ्या पेशंटच्या अंगावर तोच चट्टा जांभळट नाहीतर काळपट दिसतो, कधी रंग कळतच नाही, नुसता हात लावल्यावर गरम लागतो. हजारो फोटोंचा ग्रंथ घेऊन त्यात आपल्यासारखी कातडी शोधत बसायचं असेल तर पैसे कशाला घालायचे?

आता चौघांबद्दल माझं मत. रूक म्हणजे समुद्र. 1968 पासून चालत आलेला ब्रिटिश ग्रंथ, 2024 ची दहावी आवृत्ती चार खंडांत. उपचार पहिली फळी, दुसरी फळी अशा पायऱ्यांनी दिलेत, ते फार आवडलं. पण नवी आवृत्ती आमच्या बजेटच्या पलीकडे. फिट्झपॅट्रिक दोन खंडांत; आजार का होतो, पेशीत काय बिघडतं यावर जोर. वाचायला सुरेख, पण ओपीडी चालू असताना हाती काही लागेना. बोलोनियाही दोन खंडांत, त्याचे तक्ते आणि आकृत्या पाहून मी खरंच हरखले, पाचवी आवृत्ती 2024 चीच आहे. आयएडीव्हीएल आपलं, रोग आपले, कातडी आपली, पण लेखक पुष्कळ असल्यामुळे एक प्रकरण उत्तम तर पुढचं नुसतं उरकलेलं. अँड्र्यूज एका खंडातलं आहे, ते वेळेअभावी राहिलं.

माझी खरी अडचण अशी की हे सगळे ग्रंथ आजाराचं नाव माहीत असणाऱ्यासाठी लिहिलेत. आमच्यासमोर नाव नसतं, नुसतं दिसणं असतं. मग कोणता घ्यावा? दोन छोटे घेणं शहाणपणाचं की एकच मोठा? आणि जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तर घ्यावी का?

प्रतिसाद: त्वचावाला_सांगली

डॉक्टर, तुम्ही केलेली परीक्षा आमच्या पीजींनाही लावायला हवी. मी त्वचारोगाचीच प्रॅक्टिस करतो, तेव्हा दोन शब्द.

रूक आमच्यासाठी आहे. महिन्यातून एखादा विचित्र पेशंट येतो, बाकी सगळी पुस्तकं हात वर करतात, तेव्हा रूक काढायचं. तुमच्या गटाच्या कपाटात ते शोभेला राहील. तुमचा पाया आयएडीव्हीएलच असू द्या. आपल्याकडे एमडीची शाखाच मुळी त्वचा, गुप्तरोग आणि कुष्ठरोग अशी तिन्ही मिळून आहे, आणि पुस्तक त्याच हिशेबाने बांधलेलं आहे. कुष्ठरोगातली रिॲक्शन, मज्जातंतूची तपासणी, डॅप्सोन या कुष्ठरोगावरच्या औषधाची ॲलर्जी हे तुम्हाला तिथे पोटभर मिळेल. फक्त नवीन आवृत्तीच घ्या. 2008 ची तिसरी आणि 2015 ची चौथी जुन्या बाजारात दिसतात, गजकर्णासाठी दोन्ही निरुपयोगी.

खरं सांगायचं तर गजकर्णावर कुठल्याच छापील ग्रंथावर विसंबू नका. जाड ग्रंथातली प्रकरणं छपाईच्या बरीच आधी लिहून झालेली असतात. हा विषय त्यापेक्षा भराभर बदलतोय. त्यासाठी आयजेडीव्हीएल हे आपलं जर्नल वाचा, ते फुकट आहे. फोटोंसाठी डर्मनेट ही न्यूझीलंडची साइट.

प्रतिसाद: रेसिडेंट_नाइटड्युटी

सरांशी थोडा असहमत. मॅडम, तुमची मूळ अडचण ‘नाव माहीत नाही’ ही आहे, आणि त्यावर बोलोनियाच उतारा आहे. त्यात जागेप्रमाणे, फोडाच्या प्रकाराप्रमाणे तक्ते आहेत: तळहातावर हे दिसलं तर काय काय असू शकतं, असे. आम्ही रात्री कॅज्युअल्टीत कॉल आला की आधी तक्ता बघतो, मग प्रकरण. शिवाय 2024 चं असल्यामुळे नवी औषधं आहेत. पांढऱ्या कोडासाठी रुक्सोलिटिनिबचं मलम, चाईसाठी बॅरिसिटिनिब, दोन्हींना अमेरिकेत 2022 मध्ये मान्यता मिळाली. तुम्ही लिहून देणार नाही कदाचित, पण पेशंट मोबाईलवर वाचून विचारायला येतोच.

कातडीच्या रंगाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. नव्या आवृत्त्यांत सावळ्या त्वचेचे फोटो वाढलेत, तरी पुरेसे नाहीत.

प्रतिसाद: ग्रंथपाल_निवृत्त

मी मेडिकल लायब्ररीत नोकरी केली आहे. विषयातलं मला कळत नाही, पण पुस्तकातलं कळतं.

स्वस्तात ‘नवी’ प्रत मिळाली तर आधी कुठलाही रंगीत फोटो उघडा. चोरून छापलेल्या प्रतीत गुलाबी रंग विटकरी होतो आणि बारीक खवले पुसले जातात. इतर विषयांत एक वेळ चालेल, त्वचेत फोटो गेला की पुस्तक गेलं. दुसरं, पहिल्या कव्हरच्या आतल्या बाजूला खरवडायचा कोड असतो. तो खरवडलेला असेल तर ऑनलाइन प्रवेश पहिल्या मालकाच्या नावावर गेला असं समजा. हल्ली संदर्भयादी, व्हिडिओ, वाढीव फोटो यातलं बरंच ऑनलाइनच ठेवतात, त्यामुळे कोड नसलेली प्रत म्हणजे अर्धीच.

आणि खंडांचा संच सुटा घेऊ नका. शब्दसूची बहुधा शेवटच्या खंडात असते. तो हरवला की उरलेले खंड धूळ खातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

प्रतिसाद: मेडिकलवाला_लक्ष्मीपुरी

ताई, पुस्तक घ्या खरं, पेशंट तुमच्याकडं यायच्या आधी आमच्या काउंटरला येतंय. लोक आजार सांगत न्हाईत, डायरेक्ट ट्यूबचं नाव सांगत्यात. ‘शेजाऱ्याला गुण आला, तीच द्या.’ 2018 पासनं ती स्टेरॉईडवाली मलमं चिठ्ठीशिवाय द्यायला बंदी हाय, आमी देत न्हाई. मग ते पुढच्या दुकानात जातंय. तुमच्या त्या ग्रंथात हे कडं-कड्यात-कडं वालं चित्र सापडलं तर एक मोठी प्रिंट आमाला पण द्या, काउंटरवर लावतो. लई उपकार हुतील.

धागाकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे आभार. मेडिकलवाले दादा, प्रिंट नक्की देते. पण पुस्तकातला फोटो लावायला नको, तो प्रकाशकाच्या हक्काचा. माझ्याच एखाद्या पेशंटची परवानगी घेऊन, चेहरा न दाखवता काढीन.

सांगलीचे सर, तुमचं आणि रेसिडेंटचं भांडण मला सोयीचं वाटतंय. आयएडीव्हीएलची चालू आवृत्ती आणि बोलोनियाचे दोन खंड असं दोन्ही मिळून रूकपेक्षा कमी खर्चात बसतंय का ते दुकानदाराला विचारते. नाही बसलं तर आधी आयएडीव्हीएल, बोलोनिया पुढच्या वर्गणीत. फिट्झपॅट्रिकचा नाद सोडला.

एक मात्र अजून हवंय. कुणाकडे आयएडीव्हीएलची ताजी आवृत्ती असेल तर कृपा करून शब्दसूचीत दोन नोंदी बघून सांगा: पार्थेनियम (म्हणजे गाजर गवत), आणि टिनिया इनकॉग्निटो (स्टेरॉईडने रूप बदललेलं गजकर्ण). किती पानं आहेत आणि सोबत फोटो आहे का, एवढंच. लायब्ररीतली प्रत जुनी निघाली, आणि पुढची बैठक रविवारी आहे. सांगलीचे सर, तुमच्या कपाटात असेलच. कोल्हापुरात कुणाची प्रत असेल तर मी स्वतः येऊन बघून जाईन, उसनी मागणार नाही.